न विचारता घेतलेलं व्रत

गावात मला लोक सत्पुरुष म्हणतात. आता साठी उलटली, चार शिव्या खायची ताकद आली, म्हणून एकदाचं लिहून टाकतो की त्यात काही तथ्य नाही. मी सत्पुरुष झालो तो एका दुखण्यामुळे, आणि ते दुखणं लपवायला केलेल्या एका खोटेपणामुळे. लोकांनी माझ्या पायावर डोकी ठेवली आणि भोग भोगले माझ्या बायकोने.

खांडबाऱ्याच्या बाजारात आमचं किराण्याचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, वडील इथेच जन्मले, मीही इथलाच. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे परसात एक कडुनिंब आणि आडोसा. घरात आम्ही मारवाडी बोलतो, गिऱ्हाइकाशी अहिराणी नाहीतर गुजराती. मराठी मला शाळेत मास्तरांनी छडीने शिकवली, म्हणून ती तेवढी पक्की राहिली. लिहितो ते त्याच मराठीत. बायकोचं बोलणंही मी मराठीत सांगणार आहे, पण ती हे सगळं आमच्या बोलीत बोलली, आणि आमच्या बोलीत ते जास्त लागतं.

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. पहिली लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती धुळ्याकडे गेली होती. घरात आम्ही दोघंच. बायको माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणजे तेहतीसची. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते, पण मूल पोटातच गेलं. मुलगा होता. त्यानंतर ती जरा कमी बोलायची, पण आमचं बरं चाललं होतं. दुपारी दुकान थंड असलं की मी आत जाऊन तिच्या शेजारी उगाच बसत असे. ती डाळ निवडायची, मी त्यातले खडे सोडून डाळच वेचून फेकायचो. ती म्हणायची, "तुम्ही बाहेर बसा, तिथे तुमचं नुकसान कमी होतं."

त्या वर्षी मला तहान लागायला लागली. कसली तहान! घडाभर पाणी प्यालो तरी जीभ टाळूला चिकटलेली. आणि प्यालेलं पाणी पोटात राहीना. अर्ध्या अर्ध्या तासाने गादीवरून उठून परसात पळायचं. बाजाराच्या दिवशी तर फजितीच. डोंगराकडची माणसं मिठासाठी, तेलासाठी ओट्यावर बसलेली, आणि मी अर्धं तोलून गायब.

"शेट कोठे गया?" कोणीतरी विचारायचं.

"पाणी सोडाले," आमचा म्हातारा हमाल तिथूनच ओरडून सांगायचा, आणि सगळा ओटा हसायचा.

मीही हसायचो. चाळिशी उलटली की होतं असं, उन्हाळा आहे, पित्त आहे, अशी मनाची समजूत घालायचो. तोपर्यंत मला त्याची लाज नव्हती.

लाज पुढे आली, हिवाळ्यात. सरळच सांगतो, कारण आडून आडून बोलण्यातच माझं आयुष्य वाया गेलं. मी बायकोजवळ गेलो आणि माझ्या शरीराने साथ दिली नाही. मन होतं, माया होती, सगळं होतं, आणि अंग मात्र मेल्यासारखं. पहिल्या वेळी मी म्हणालो दमलो आहे. दुसऱ्या वेळी म्हणालो पोट बिघडलंय. तिसऱ्या वेळी मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही, तिने नुसती पांघरायची गोधडी माझ्या अंगावर नीट केली. तिने ते मायेने केलं असणार. पण मला वाटलं की ही माझी कीव करते आहे, आणि माझं डोकं फिरलं. मी गोधडी फेकून उठलो आणि दुकानात जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानातच झोपायला लागलो. कारण काय, तर चोरांचं भय. गावात तीन वर्षांत चोरी झाली नव्हती. बायकोने चार दिवस बघितलं. मग तिने नंदुरबारहून एक भलंमोठं कुलूप मागवलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. आता विचार करतो तेव्हा कळतं की एका मारवाडी बाईने नवऱ्याला 'घरात झोपा' हे याहून उघड कसं सांगावं? मी ते कुलूप दुकानाला लावलं आणि आतच झोपलो.

मग आणखी एक सुरू झालं. त्या जागी खाज सुटायची, कातडी लाल होऊन बारीक चिरा पडायच्या, धोतर लागलं तरी झोंबायचं. आता आली का पंचाईत! बाजारात अशा दुखण्याला एकच नाव आहे, परमा, आणि त्याचं कारणही सगळ्यांना एकच माहीत. मी जन्मात बाहेरख्याली केली नव्हती. पण हे वैद्याला दाखवलं असतं तर त्याने ते मानलं असतं का? वैद्याच्या बायकोला कळलं असतं, तिच्याकडून पाणवठ्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ आवळून धरली.

उपाय केले ते चोरून. बाजारातल्या वैदूकडून मुळ्या घेतल्या, त्या उगाळून प्यालो. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून टपालाने गोळ्या मागवल्या. त्या पुडक्यावर छापलं होतं काय काय! पोस्टमास्तरने ते हातात घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली तसा मी म्हणालो, "गुरांचं औषध आहे."

"शेठ, तुमच्याकडे गाय तरी कुठे आहे?" तो म्हणाला.

मी तिथेच त्याच्यावर एवढा ओरडलो की पुढे दोन वर्षं त्याने आमच्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेतली नाही. गोळ्या गुळात वळलेल्या होत्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, महिनाभर मी मन लावून गूळ खाल्ला. तहान दुप्पट झाली.

तहानेचं आणखी एक दुःख होतं. आम्ही जैन, घरात चौविहार पाळणारे, म्हणजे सूर्य मावळला की अन्नही नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. लहानपणापासून मी तो मोडला नव्हता. आता मोडायला लागलो. दुकानातल्या माठातून चोरून पाणी प्यायचो, तांब्या वाजू नये म्हणून हाताने ओंजळ भरून. आपलं मन आणि शरीर दोन्ही नासलं, आपल्या हातून पाप होतंय, आणि त्या पापाचीच ही शिक्षा आहे, अशी माझी पक्की खात्री होत गेली. बायकोशी बोलावं असं रोज वाटे. रोज तिचा चेहरा बघितला की जीभ मागे जाई.

पर्युषण आलं. त्या चातुर्मासात नंदुरबारच्या स्थानकात, म्हणजे आमचे साधू उतरतात त्या जागी, मोठे महाराजसाहेब होते. आम्ही दोघं गाडीने तिथे गेलो, नातेवाइकांकडे उतरलो, आणि मी अठाई केली. आठ दिवस उपास, अन्न अजिबात नाही, दिवसा उकळलेलं पाणी तेवढं. आणि काय सांगू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तहान गेली! उठबस कमी झाली. चिरा सुकल्या. डोकं हलकं झालं. मी स्थानकात बसून रडलो. मला वाटलं, सुटलो. तपाने पाप जळालं. देहाचा मोहच आपला वैरी होता, तो सोडला की सगळं बरं होतं.

आज हे लिहिताना माझा मलाच राग येतो. पोटात अन्न जाईना म्हणून रोग दबला होता, एवढंच. पण हे मला कोण सांगणार? डॉक्टरपाशी मी गेलो नव्हतो आणि महाराजांना खरं सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी व्याख्यान चालू होतं. स्थानक गच्च भरलेलं, इकडे पुरुष, तिकडे बायका. महाराज शीलाचा महिमा सांगत होते. आमच्यात रीत आहे की संसारात राहून नवरा-बायको सजोडे शीलव्रत घेतात, म्हणजे जन्मभराचं ब्रह्मचर्य. बहुतेक म्हातारपणी घेतात, मुलंबाळं मार्गी लागल्यावर, घरी आधी बोलून. मी ऐकता ऐकता उठून उभा राहिलो. ठरवून गेलो नव्हतो. पण उभा राहताना माझ्या मनात धर्म नव्हता, हे मला पक्कं आठवतं. माझ्या मनात एवढंच होतं की आता मला कोणी काही विचारणार नाही. जे जमत नव्हतं ते मी सोडलं असं होईल. दुकानात झोपायला चोरांची गरज उरणार नाही.

महाराजांनी विचारलं, "घरात विचारलंय?"

"हो," मी म्हणालो.

सगळं स्थानक बायकांच्या बाजूला वळलं. बायको मधल्या रांगेत बसली होती. तिला काही माहीत नव्हतं. घुंघटामुळे तिचं तोंड मला दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी नीट बघितलंही नाही. ती थोडा वेळ बसूनच होती. मग उठली आणि हात जोडले. महाराजांनी पचखाण, म्हणजे व्रताची प्रतिज्ञा, दिलं, आम्ही दोघांनी ते मागोमाग म्हटलं. ती म्हणाली ते मला ऐकू आलं. आवाज अगदी स्पष्ट होता.

मग काय, जयजयकार. एवढ्या तरुण वयात! शाल, श्रीफळ, बहुमान. प्रभावना म्हणून सगळ्यांना प्रसादासारखे पतासे वाटले. पारण्याला मला गोडधोड खाऊ घालायला घरोघरी चढाओढ. आठ दिवसांत सगळं परत आलं, तहान, पळापळ, खाज, सगळं. पण आता मी सत्पुरुष होतो.

खांडबाऱ्याला परतलो. गाडीत ती खिडकीपाशी बसली, मी दाराशी. घरी आल्यावर तिने माझं अंथरूण नीट घडी करून दुकानात आणून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "उशी धुतलेली आहे."

तेव्हापासून सात वर्षं आम्ही असे राहिलो. ती व्रत पाळायची ते काटेकोर. मला वाटलं होतं नुसतं अंथरूण वेगळं होईल. तिने सगळंच वेगळं केलं. एका चटईवर बसणं नाही. ताट हातात देणं नाही, खाली ठेवायचं, मी उचलायचं. दुपारी डाळ निवडताना मी जवळ गेलो तर सूप उचलून ती उंबऱ्यापलीकडे जायची. रागाने नाही हो, राग असता तर बरं होतं, दोन शब्द तरी ऐकायला मिळाले असते. "तुमचं जेवण झाकलंय." "पाहुणे आलेत." "मुलीचं पत्र आलं." दिवसाकाठी एवढंच. बाजारात दिवसभर शंभर माणसांशी मी बोलायचो, आणि दुकानाच्या फळ्या लावल्या की माझ्या खोकल्याशिवाय आवाज नाही. भिंतीपलीकडे तिच्या बांगड्या वाजायच्या. मी कान लावून बसायचो. एवढा एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि लोक मला म्हणायचे, शेठजी, तुमचा चेहरा कसा शांत आहे!

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि दाबणारा हात माझाच.

ही कोंडी फोडली आमच्या हमालाने. म्हातारा घरी डोंगरातल्या कोकणा लोकांची बोली बोले, माझ्याशी अहिराणी. कोणाची भीडभाड नाही. एक दिवस तो परसातून पोतं घेऊन आला, ते धाडकन टाकलं आणि म्हणाला, "शेट, तुम्ही जठे बसतस तठे मुंग्या लागी ऱ्हायन्यात."

"निंबाखाली मुंग्या नाही तर काय मोर येतील?" मी खेकसलो.

"मी पाही ऱ्हायनू. तुम्ही जागा बदली की मुंग्याबी तठेच जातीस." मग तो पोत्यावर बसला आणि हळू आवाजात बोलला. "मन्हा सासराले असंच व्हतं. पाय सडी गया. मंग तो मरी गया. डागदरले दखाडा."

मी गेलो. धर्मासाठी नाही, बायकोसाठी नाही, मरणाला भिऊन गेलो. नंदुरबारला गेलो नाही, तिथे मला सगळे ओळखत होते. उलट्या दिशेची गाडी धरून सुरतेला गेलो. माल आणायला जातो असं घरी सांगितलं.

सुरतेचा डॉक्टर वयस्कर गुजराती होता. त्याने बाटलीत लघवी घ्यायला लावली, काचेच्या नळीत निळं पाणी घेऊन त्यात तिचे थेंब टाकले आणि दिव्यावर तापवलं. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं. त्याने नळी माझ्यापुढे धरली. "साखर," तो म्हणाला. "किती वर्षं?"

मी तहान सांगितली. पळापळ सांगितली. खाजेचं सांगायला घाम फुटला, पण त्याने आपणच विचारलं, "पुढची कातडी चिरते ना? साखरेमुळे." परमा नव्हता! सात वर्षं मी जो बट्टा कपाळी मारून घेतला होता तो त्याने एका वाक्यात पुसला.

मग त्याने सरळ विचारलं, "घरवाळीशी संबंध राहतो?"

"मी व्रती आहे," मी म्हणालो. ही माझी ढाल. हिच्यापुढे आजवर सगळे गप्प झाले होते.

डॉक्टरने चष्मा काढला. "शेठजी, आधी व्रत की आधी त्रास?"

मी पन्नाशीचा माणूस त्या खुर्चीत बसून पोरासारखा रडलो. त्याने रडू दिलं. मग समजावून सांगितलं. हा मधुमेह. यात तहान, लघवी, खाज, आणि पुरुषाची ती ताकद जाणं, सगळं एकाच मुळाचं. पापाचा संबंध नाही, मर्दानगीचा नाही, बायको आवडते की नाही याचाही नाही. माझ्यासारखी माणसं त्याच्याकडे नेहमी येतात, आणि सगळी आधी दुसरंच काहीतरी सांगतात. काही जण बायकोला दोष देतात, काही दुसरं लग्न करतात. "व्रत घेणारा मात्र पहिलाच," तो म्हणाला, आणि मग त्याने माफी मागितली.

मी विचारलं, आता परत येईल का? वेळेवर आला असतात तर कदाचित, तो म्हणाला. आता वचन देता येत नाही. सुईचं एक औषध निघालंय, पण ते जनावराच्या अंगातून काढतात. मी जैन माणूस, मानेनेच नको म्हटलं. मग त्याने पथ्य लिहून दिलं. गूळ-साखर बंद, भात बंद, भाकरी अर्धी, ताक आणि पालेभाजी. आणि पाय रोज बघायचे. या रोगात पायाची जाणीव जाते, काटा घुसला तरी कळत नाही. "रोज कोणाला तरी बघायला सांगा. घरी आहे ना कोणी?"

परतीच्या गाडीत मी ठरवलं की उंबरा ओलांडताच सांगायचं. उंबरा ओलांडला आणि पाणी प्यालो. जेवलो. शेवटी दुपारी ती मूग निवडत बसली होती तिथे गेलो. ती सूप घेऊन उठायला लागली. मी म्हणालो, "अगं, बस. तू तिथेच बस, मी इथे बसतो. पण ऐकून घे."

सगळं सांगितलं. गोधडीपासून सुरतेपर्यंत. तिचे हात मुगात तसेच राहिले होते.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी नव्हते?"

"काय?"

"कारण. ते मी नव्हते?" तिने वर बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "मुलगा पोटात मेला. तेव्हापासून तुम्हाला माझी किळस येते, असं मी धरून चालले. हिच्या पोटात पोर मरतं, हिला हात लावू नये. म्हणून तुम्ही दुकानात गेलात. म्हणून व्रत घेतलंत. सात वर्षं मी हेच समजत होते."

मी मनात आणली नव्हती अशी एक गोष्ट ती सात वर्षं रोज उशाला घेऊन झोपली होती. मी माझी लाज जपत होतो, आणि तिला वाटत होतं की लाज तिची आहे.

"नंदुरबारला मी का उभी राहिले, ठाऊक आहे?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बसून राहिले असते तर सगळ्या बायका म्हणाल्या असत्या, हिला अजून हवंय. नवरा सोडतोय आणि हिला सोडवत नाही. म्हणून उभी राहिले. तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत."

"चुकलो," मी म्हणालो. "शंभरदा चुकलो. आता तरी जवळ येऊन बस. मला दुसरं काही नको, आणि माझ्याच्याने होणारही नाही. नुसता हात धर."

मला वाटलं ती उठेल.

"नाही," ती म्हणाली. "पचखाण मी माझ्या तोंडाने म्हटलं. तुमचं खोटं असेल. माझं खोटं नाही. त्या व्रताशिवाय या सात वर्षांत माझ्याकडे होतंच काय? ते आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून टाकून देऊ?"

तिने सूप उचललं आणि खडे वेचायला लागली. मी भांडलो नाही. भांडायला तोंड कुठे होतं?

पण त्या दिवसापासून ती बोलायला लागली, हेही खरं. माझं पथ्य तिने हातात घेतलं. चमचाभर गूळ माझ्या तोंडात गेला तर तिला वासाने कळायचं, आणि मग मला अशी फैलावर घ्यायची की बाहेर हमाल तोंडाला टॉवेल लावून हसायचा. पायाचं तर तिने नेमच केला. सकाळी अंगणात उन्हात मला पाटावर बसवायची, स्वतः दोन हात लांब बसायची. "पाय पुढे करा. वर. बोटं फाकवा. डाव्या अंगठ्याशी लाल दिसतंय, चप्पल बदला." नजरेने सगळा पाय तपासायची. हात कधी पुढे आला नाही. तरी मी त्या वेळेची वाट बघत असे. दिवसातला तेवढाच वेळ मी कोणाचा तरी होतो.

अशी तीन वर्षं गेली. एकदा मुलीकडे लग्न होतं म्हणून ती चार दिवस धुळ्याकडे गेली. त्या चार दिवसांत माझ्या चपलेतून खिळा वर आला आणि मी त्यावर चालत राहिलो. मला पत्ता नाही. ती परत आली, पिशवी खाली ठेवली, आणि दुकानापासून आतपर्यंत फरशीवर उमटलेले डाग बघून किंचाळली. माझ्याच पायाचं रक्त होतं ते. तळव्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

दवाखान्यातला कंपाउंडर आठ दिवस येऊन धुऊन गेला. मग म्हणाला, महिना-दोन महिने रोज धुवावं लागेल, मी कुठवर येऊ, घरातलं माणूस करील. दुसऱ्या दिवशी बायको सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेली, तिथल्या साध्वीजींना विचारून संध्याकाळी परत आली. "आजाऱ्याची सेवा आहे, तिने व्रताला बाध येत नाही, असं म्हणाल्या," तिने दारातूनच सांगितलं.

सकाळी तिने पाणी उकळून कोमट केलं, जुनं धुतलेलं लुगडं फाडून पट्ट्या केल्या, आणि येऊन माझ्या समोर बसली. एका चटईवर. माझा पाय उचलून मांडीवर घेतला. दहा वर्षं झाली होती. मी बघत होतो. तिची बोटं तळव्यावर फिरत होती, जखमेच्या कडेने कापूस नेत होती, टाच तिने डाव्या हाताने घट्ट धरली होती. केस पांढरे झाले होते तिचे, कानापाशी. आणि मला काही कळत नव्हतं. पाणी कोमट आहे की गार, तिचा हात मऊ आहे की खरखरीत, काही नाही. डोळे मिटले असते तर समोर कोणी आहे हेसुद्धा कळलं नसतं. म्हणून मी डोळे मिटले नाहीत.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

हो म्हणावंसं फार वाटलं. पण तिच्याशी पुन्हा खोटं बोलणार नव्हतो.

"काही कळत नाही," मी म्हणालो.

ती थांबली. माझ्या पायाकडे आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"मग हळू करायचं काही कारण नाही," ती म्हणाली. पण तिने हळूच केलं.